निम्मं पाणी

ही किल्ली. ही दुसरी, हिचं कुलूप आता नाही,
पण यादीत आहे, म्हणून घ्या.
गुडघ्यापर्यंतचे बूट, एक जोड. डावा गळतो.
आणि ही लोखंडी पट्टी. नदीतल्या मोजपट्टीवर शेवाळ धरलं
की हिच्या धारेनं खरवडायचं. हे कुठल्या नियमावलीत नाही.

मी रुजू झालो तेव्हा तलास नदीचे दोन्ही काठ
एकाच देशाचे होते. कुणाला किती पाणी
ते मॉस्कोहून छापून यायचं, स्वल्पविरामासकट.
मग एका डिसेंबरात देशच गेला.
सकाळी आठला मी वाचन घेतलं : बारा पूर्णांक चार.
रात्री आठला घेतलं : बारा पूर्णांक चार.
नदीला कुणी कळवलं नव्हतं.

त्या वर्षी आठ महिन्यांचा पगार साखरेच्या पोत्यांत मिळाला.
तोक्तोबूबूनं ती विकून कोळसा आणला,
आणि मी रोज दोनदा वही भरत राहिलो,
कारण दुसरं काही भरता येण्यासारखं नव्हतं.

पुढे करार झाला. निम्मं आमचं, निम्मं त्यांचं.
वाचायला सोपं.
ज्यांनी लिहिलं ते चकचकीत बुटांत धरणावर आले,
पंधरा मिनिटं थांबले, जेवण थंड होत होतं.
निम्मं कुठे मोजायचं, ते कुणी विचारलं नाही.
धरणाच्या तोंडाशी? की सीमेवर?
मधल्या कालव्यात कुठेतरी पाणी मुरतं.
खरंच मुरतं, वाळूत.
आणि आपण म्हणतो त्या अर्थानंही :
एकोणिसाव्या किलोमीटरला पाइप होता, माझ्या चुलत्याचा.
तो मी उपटला.
नंतरच्या दोन लग्नांची आमंत्रणं आली नाहीत.

सीमेपलीकडे माझ्याच हुद्द्याचा एक, ओराझअली.
त्याला मी पाण्यात पाहावं अशी वरून अपेक्षा होती.
पाहिलं ना. कमरेइतक्या पाण्यात,
एप्रिलच्या गढूळ लोंढ्यात, मोजयंत्र छातीशी धरून
तो ओरडत होता, आकडा लिही, आकडा!
आणि दोराचं दुसरं टोक माझ्या पोटाला बांधलेलं.
त्याचा आणि माझा आकडा कधी जुळला नाही.
जो फरक राहील तो निम्मा-निम्मा करून
आम्ही सह्या करायचो.

एक गोष्ट वहीत नाही.
डोंगरावर बर्फ फार कमी पडलं होतं त्या साली.
आमच्याकडे पांढरा घेवडा फुलोऱ्यात,
त्यांच्याकडे बीट माना टाकून.
रात्री अकराला त्याचा फोन. मागितलं काहीच नाही.
म्हणाला, मुलीला मुलगा झाला.
मग बराच वेळ नुसती खरखर.
मग म्हणाला, लोक कालव्यात उतरून बसलेत, ईशेनबाय.
पाण्यात नव्हे. कालव्यात.

मी उठलो. चाकाचे चार फेरे.
पहाटेपर्यंत तसंच ठेवलं, मग परत फिरवलं,
आणि वहीत लिहिलं : दरवाजा स्थिर.

त्या रात्री पाळी झूमाकानची होती,
चारीच्या अगदी शेवटच्या शेताची.
सकाळी ती आली. वाळलेला वेल टेबलावर ठेवला,
मुळांसकट, शिक्क्याच्या शेजारी.
मी चहा पुढे केला.
ती कपात डोकावली नि म्हणाली,
यात तरी पूर्ण पाणी घातलंयस का?

तेवढंच. तक्रार केली नाही तिनं कुठे.
केली असती तर बरं झालं असतं.

मानपत्रात माझ्या नावातलं एक अक्षर चुकलंय.
बदलून देतो म्हणाले. राहू दे म्हटलं,
एवढ्या तेवढ्या फरकावर मी आयुष्यभर सह्या केल्या आहेत.

चला, चाक दाखवतो.
चौथ्या फेऱ्याला ते अडतं.
जोर लावू नका.
हात तसाच ठेवून थांबायचं थोडं.
सुटतं मग.